क्लच-फ्लायव्हील बदलताना जुने बोल्ट: कुठले परत, कुठले भंगारात

स्कोडा ऑक्टाव्हिया १.९ टीडीआयचा गिअरबॉक्स खाली आला की बाजूच्या ट्रेमध्ये चाळिसेक बोल्ट जमलेले असतात. स्टार्टरचे, बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सचं इंजिनाला टेकणारं तोंड), दोन्ही एक्सलचे, माउंटिंगचे, प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेट दाबून धरणारं कव्हर) आणि सगळ्यात शेवटी निघालेले फ्लायव्हीलचे सहा. फ्लायव्हील म्हणजे क्रँकच्या, इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाला बसणारं जड चाक. डिझेलमध्ये बुडवून ब्रश मारला की सगळे सारखेच चकचकीत दिसतात. आटे शाबूत, डोकी शाबूत. नव्या किटच्या खोक्यात बोल्ट आलेले असतीलच असं नाही, दुकान बंद झालेलं असतं, आणि मग विचार येतोच: हेच परत लावले तर काय बिघडतं?

बोल्टागणिक उत्तर वेगळं आहे. 'बोल्ट काय, लोखंडच ना' म्हणणारा चुकतो. सरसकट सगळे नवे मागवणाराही थोडा चुकतो, फक्त त्याचा खिसा हलका होतो, गाडीचं वाकडं होत नाही. उदाहरणाला ऑक्टाव्हिया घेतली, कारण २००१ पासून तेव्हाच्या औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला जोडलेल्या या गाड्या अजूनही रस्त्यावर दिसतात, आणि ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे मध्ये स्प्रिंग असलेलं दोन चकत्यांचं फ्लायव्हील, असल्यामुळे क्लच संपला की बहुतेक वेळा तेही सोबतच बदलावं लागतं. पुढचे आकडे या इंजिनाचे आहेत. दुसरी गाडी असेल तर तिच्या इंजिन कोडचं वर्कशॉप मॅन्युअल उघडून आकडे घ्यायचे.

उतरवताना बॅटरी, तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा, गिअरच्या केबल, रिव्हर्स लाइटचा स्विच आणि स्टार्टर असा क्रम ठेवतो. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा जोर द्रवाच्या दाबाने क्लचपर्यंत पोचवणारा) पाइप न सोडता दोन बोल्ट काढून बाजूला बांधून ठेवायचा. तो बाहेर असताना कुणी गाडीत बसून सवयीने क्लच दाबला की त्याचा पिस्टन बाहेर येतो आणि काम वाढतं, म्हणून पेडलवर चिकटपट्टीने कागद लावलेला बरा.

बेल हाउसिंगचे बोल्ट काढण्याआधी एक पुठ्ठा घ्यायचा, त्यावर हाउसिंगचा ढोबळ आकार काढायचा आणि प्रत्येक बोल्ट निघाला की पुठ्ठ्यावर त्याच्या जागी खुपसायचा. याला आळस करू नये. इथले बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो. ठरवलेला जोर भरला म्हणून टॉर्क पाना क्लिक करतो पण हाउसिंग दबलेलंच नसतं. आखूड बोल्ट लांब भोकात गेला तर तीन-चार आट्यांवर सगळा भार येतो, आणि आटे अॅल्युमिनियममध्ये असतील तर ते सरळ भुग्यासारखे बाहेर येतात. 'जुने बोल्ट परत लावले म्हणून आटे गेले' अशी तक्रार येते, तेव्हा बऱ्याचदा बोल्ट जुना असण्यापेक्षा चुकीच्या भोकात गेलेला असतो.

आतल्या सीव्ही जॉइंटच्या (एक्सल गिअरबॉक्सला जोडणारा सांधा) बोल्टला बारा टोकांची, एक्सझेडएन प्रकारची खाच असते. तिच्यात ग्रीस, माती आणि जॉइंटच्या रबरी बुटातून उडालेलं काळं कीट घट्ट बसलेलं असतं. टोचणीने ते पूर्ण कोरून काढायचं, ब्रेक क्लीनर मारायचा, मग बिट हातोडीने ठोकून तळापर्यंत बसवायचा आणि त्यानंतरच जोर लावायचा. अर्धवट बसलेला बिट एका झटक्यात खाच गोल करतो. साधा अॅलन किंवा टॉर्क्स बिट 'बसतोय की' म्हणून लावू नये. बसतो, आणि खाच खराब करून निघतो.

गिअरबॉक्स खाली घेण्याआधी उजव्या एक्सलच्या फ्लँजमागे (जोडाच्या गोल चकतीमागे) एक छोटा पत्रा आणि त्याचा एकच छोटा बोल्ट असतो, तो काढला का ते पाहायचं. सगळे बोल्ट निघूनही गिअरबॉक्स हलत नाही तेव्हा दहापैकी नऊ वेळा हाच राहिलेला असतो, आणि लोक पहारीने सांधा उचकटायला जातात. सांधा अॅल्युमिनियमचा आहे, तिथे पडलेला ओरखडा पुढे गिअरबॉक्सला तिरका बसवतो.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर अर्धा-अर्धा फेरा सैल करत जायचं. एकच बोल्ट पूर्ण काढला तर डायफ्रामची स्प्रिंग कव्हरला त्या बाजूने वाकवते. जुनी प्रेशर प्लेट भंगारातच जाणार असली तरी ही शिस्त पाळायची, कारण तिरक्या ओढीने फ्लायव्हीलमधले आटे खराब होतात. फ्लायव्हीलही बदलत असाल तर मग कसेही काढा.

ड्युअल मास फ्लायव्हीलचे सहा बोल्ट पुढच्या चकतीतल्या भोकांमधून दिसतात. ही चकती हाताने थोडी फिरवून बोल्ट भोकाच्या बरोबर मध्यावर आणायचे, रिंग गिअरला (फ्लायव्हीलच्या कडेच्या दात्यांना) लॉक लावायचा आणि हाताच्या पान्याने सोडायचे. इथे इम्पॅक्ट गन लावली तर बोल्टाचं डोकं भोकाच्या कडेला घासतं, फ्लायव्हील चांगलं असलं तरी खराब होतं. सोडताना सुरुवातीला करकर आवाज येतो, तो आट्यांवर वाळलेल्या लॉकिंग सोल्यूशनचा, म्हणजे बोल्ट ढिला होऊ नये म्हणून लावतात त्या चिकट द्रवाचा. घाबरायचं कारण नाही.

आता हे सहा बोल्ट हातात घेऊन जरा थांबू.

या इंजिनात ते ६० न्यूटन-मीटर टॉर्कला (फिरवण्याच्या जोराला) आवळून पुढे ९० अंश फिरवायचे असतात. हा 'पुढे ९० अंश' आहे तिथे सगळी मेख आहे. टॉर्क पान्यावर आपण जो जोर वाचतो, त्यातला अर्ध्याच्या आसपास डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट खरोखर ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. आट्यांत थोडी घाण किंवा थोडं तेल आलं की हा दहावा हिस्सा पाहता पाहता दीडपट नाहीतर अर्धा होतो, पाना मात्र तेवढाच आकडा दाखवतो. कोनाची गोष्ट वेगळी. बोल्ट पाव फेरा फिरला म्हणजे आट्यांच्या पिचच्या (शेजारच्या दोन आट्यांमधल्या अंतराच्या) पाव पट पुढे सरकला, घर्षण कितीही असो. एक मिमी पिचच्या बारीक आट्यांवर ते पाव मिमी.

पाव मिमी कमी वाटतं. हिशेब मांडू. बोल्ट १० मिमी जाडीचा, पिच १ मिमी, दर्जा १०.९. या दर्जातला पहिला आकडा सांगतो की पोलाद साधारण १००० मेगापास्कलला तुटतं. दुसरा सांगतो की त्याच्या ९० टक्क्यांना, म्हणजे ९०० च्या आसपास, ते कायमचं ताणायला लागतं. ताणला जाणारा मोकळा भाग १२ मिमी धरला तर ९०० मेगापास्कलपर्यंत तो जेमतेम ०.०५ मिमी लांबतो. तेवढंच लांबणं रबरासारखं परत येणारं. ६० न्यूटन-मीटरलाच बोल्टाने यातला बराचसा ताण घेतलेला असतो. त्यानंतरच्या पाव मिमीमधला काही भाग फ्लँज दबण्यात आणि आटे बसण्यात जातो, आणि उरलेला बोल्टाला परत न येणाऱ्या हद्दीत नेतो. हे मुद्दामच केलेलं असतं. त्या हद्दीत गेलेला बोल्ट आपल्या ताकदीच्या माथ्यावर काम करतो आणि सहाच्या सहा बोल्टांची पकड जवळजवळ सारखी येते.

पण तो एकदा तिथे जाऊन आलेला असतो. दुसऱ्यांदा तेच ६० आणि तेच ९० दिलं की तो आणखी लांबतो. पोलाद ताणून कडक झालेलं असतं, लांबायची उरलेली क्षमता कमी असते, आणि ती किती उरली आहे हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

'नव्याशी लांबी ताडून पाहा' असा सल्ला सर्रास मिळतो. लांब हेड बोल्टला (सिलिंडर हेड धरणाऱ्या) तो लागू आहे. टोयोटाच्या कित्येक इंजिनांत हेड बोल्टची कमाल लांबी किंवा बारीक झालेल्या भागाची किमान जाडी मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि त्या मर्यादेत असलेला बोल्ट परत वापरता येतो. म्हणजे कोन दिला की बोल्ट एकदाचाच, असाही नियम नाही, मॅन्युअल काय म्हणतं ते खरं. फ्लायव्हीलच्या आखूड बोल्टला मात्र हे माप फसवं ठरतं. तो कायमचा ताणला असेल मिमीच्या एक-दोन दशांशांनी, आणि कारखान्यातून निघणाऱ्या नव्या बोल्टांच्या लांबीतच त्याहून जास्त फरक चालतो. व्हर्नियरवर जुना बोल्ट नव्यापेक्षा आखूडसुद्धा निघेल. लावण्याआधी त्याच बोल्टाची लांबी लिहून ठेवली असेल तरच त्या मापाला अर्थ.

त्यापेक्षा बरी चाचणी म्हणजे जुना आणि नवा बोल्ट आट्यात आटा घालून उजेडासमोर धरणे. मध्येच कुठे फट दिसली, आटे एकमेकांवर चढायला लागले, तर जुना ताणलाय. किंवा नवा नट हाताने शेवटपर्यंत फिरवून पाहायचा. एका जागी अडला तर तिथली पिच बदलली आहे. यात नापास झालेला बोल्ट नक्की वाईट. पास झालेला चांगलाच असेल असं मात्र धरायचं नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आम्ही वर्षानुवर्षं जुनेच लावतो, एकही गाडी परत आली नाही. खरं असेल. त्यामागचं कारणही हिशेबातच आहे. एका बोल्टाची पकड ५० किलोन्यूटन धरली तर सहांची ३००, म्हणजे जवळपास ३० टन. फ्लायव्हील क्रँकवर फिरतं ते या दाबातून येणाऱ्या घर्षणावर. बोल्टाच्या दांड्यावर कातरजोर (आडवा कापणारा जोर) यायचाच नसतो. घर्षणांक ०.१५ आणि बोल्टांचं वर्तुळ ६० मिमी व्यासाचं धरलं तर हा सांधा साधारण १३५० न्यूटन-मीटर घसरल्याशिवाय पेलतो. इंजिन देतं २१०. एवढी सूट असल्यामुळे एखाददुसरा बोल्ट ढिला पडला तरी गाडी चालते.

पण २१० ही सरासरी आहे. चार सिलिंडरचं डिझेल प्रत्येक स्फोटाला धक्का देतं, आणि त्या क्षणाचा जोर सरासरीच्या कितीतरी पट असतो. गिअरमध्ये असताना क्लच झटक्यात सोडला की त्यात भर. शिवाय हा बोल्ट आखूड आहे. परत येणारा ताण सगळा मिळून ०.०५ मिमी, डोक्याखाली राहिलेला रंगाचा थर, गंज, धातूची कुसळं असं काहीही चालता चालता ०.०१ मिमी दबलं की पाचव्या हिश्श्याची पकड गेली. पकड कमी झाली की फ्लँज आणि फ्लायव्हीलमध्ये बारीक घसर सुरू होते. सांधा उघडला की तिथे विटकरी रंगाची भुकटी सापडते. ती भुकटी म्हणजे घासून निघालेलं पोलादच. घासून आणखी जागा होते, पकड आणखी कमी होते, मग बोल्टांवर कातरजोर यायला लागतो आणि एकेक डोकं तुटतं. आयडलला खालून ठोका ऐकू येतो, क्लच दाबला की त्याचा सूर बदलतो, आणि लोक कनेक्टिंग रॉडची बेअरिंग समजून इंजिन उघडायच्या तयारीला लागतात. इतकं होईपर्यंत क्रँकच्या फ्लँजमधले आटे किंवा भोकं खराब झाली तर विषय सहा बोल्टांचा राहत नाही, क्रँकशाफ्टचा होतो.

म्हणून फ्लायव्हीलचे सहा नवे. सहाही. चार नवे, दोन जुने असंही नाही, कारण पकड एकसारखी आली नाही तर नव्यांवर जास्त भार पडतो.

नवे आणताना हार्डवेअरच्या दुकानातून '१२.९ दिलाय, ओरिजिनलपेक्षा भारी' असा घेऊ नये. कडक म्हणजे इथे चांगला असं नसतं. कोनाने आवळायच्या बोल्टाला लांबायची क्षमता लागते, आणि १२.९ मध्ये ती कमी. डोक्यावरचा आकडा कुणीही ठोकू शकतं, तो भाग वेगळाच. डोक्याची उंचीही पाहायची. ड्युअल मासमध्ये उंच डोकं आतल्या चकतीला घासतं. काही जण ड्युअल मास काढून साधं एकसंध फ्लायव्हील टाकतात. त्याच्या मधल्या भागाची जाडी वेगळी असते, त्यामुळे बोल्टाची लांबीही वेगळी. पोलादात निदान बोल्टाच्या जाडीइतके आटे आत गेले पाहिजेत, १० मिमीच्या बोल्टाला १० मिमी, आणि तळाशी टेकताही कामा नये. नवा बोल्ट फ्लायव्हीलमधून घालून मागे किती उरतो ते मोजायचं, भोकाची खोली मोजायची आणि वजाबाकी करायची.

नव्या बोल्टाच्या आट्यांवर रंगीत, कोरड्या मेणासारखा थर असेल तर ते आधीच लावलेलं लॉकिंग सोल्यूशन आहे. ब्रेक क्लीनरने पुसायचं नाही आणि वरून आणखी लॉकटाइटही ओतायचं नाही. बोल्ट फिरायला लागला की त्यातल्या बारीक कुप्या फुटतात आणि चिकटण्याची क्रिया सुरू होते, म्हणून सहा बोल्ट हाताने लावून चहाला जायचं नाही. एका दमात पूर्ण करायचं. काही इंजिनांत ही भोकं आरपार क्रँककेसमध्ये उघडतात. तिथे हा थर तेल अडवायचंही काम करतो. तिथे जुना बोल्ट नुसता पुसून लावला तर आट्यांतून तेल झिरपतं, नवी क्लच प्लेट तेलकट होते आणि दोष नव्या ऑइल सीलला दिला जातो.

सीलवरून आठवलं. फ्लायव्हील निघालंच आहे तर मागचं क्रँक सील पाहायचंच. ओल दिसली तर बदलायचं. टेफ्लॉनचं सील कोरडंच बसवतात, त्याला तेल चोपडायचं नसतं. रबरी सीलची सवय असलेल्या हातून ही चूक हमखास होते.

क्रँकमधल्या भोकांतलं जुनं वाळलेलं सोल्यूशन काढल्याशिवाय नवा बोल्ट लावण्यात अर्थ नाही. तो कचरा घर्षण वाढवतो, ६० न्यूटन-मीटर लवकर भरतात आणि कोनाची मोजणी चुकीच्या जागेपासून सुरू होते. यासाठी कापणारा टॅप वापरायचा नाही, तो आट्यांचं पोलादच खरवडतो. ट्रेमधल्या सहा जुन्या बोल्टांपैकी सगळ्यात चांगला एक निवडायचा, व्हाइसमध्ये धरून हॅक्सॉने आट्यांवर टोकापासून लांबीच्या दिशेने दोन-तीन खाचा पाडायच्या आणि कानशीने कुसळं काढायची. झाला आटे साफ करायचा चेझर, पिचही आपोआप बरोबर. तो हाताने आत-बाहेर फिरवला की खाचांमध्ये लालसर पावडर भरून येते. प्रत्येक फेरीनंतर पुसायचा. सहाही भोकं झाली की ब्रेक क्लीनर आणि मग हवा. बंद भोकात क्लीनर किंवा तेल उरलं तर बोल्ट ते दाबत जातो, टॉर्क भरल्यासारखा वाटतो आणि पकड येत नाही.

फ्लँज आणि फ्लायव्हीलचा मागचा चेहरा ब्रेक क्लीनरने पुसायचा, कडेची कुसळं बोटाने तपासायची. बोल्टांची भोकं समान अंतरावर नसतात, त्यामुळे फ्लायव्हील एकाच स्थितीत बसतं. पाच बोल्ट लागले आणि सहावा लागेना, म्हणजे फ्लायव्हील फिरवायचंय. ही जुळवाजुळव जुन्या बोल्टांनी करावी. नव्यांवरचा थर एकदाच कामाचा असतो, तो चाचपडण्यात घालवू नये.

आवळताना समोरासमोरच्या क्रमाने आधी हाताने, मग ३० ला, मग ६० ला. सहाही ६० ला आले की प्रत्येकाच्या डोक्यावर आणि शेजारी मार्करची रेघ ओढायची आणि एकेक बोल्ट ९० अंश फिरवायचा. ४५-४५ च्या दोन झटक्यांत केलं तरी चालतं. या टप्प्यात हाताला काय लागतं याकडे लक्ष द्यायचं: विरोध वाढत जातो आणि शेवटी एका पातळीवर टिकून राहतो. मध्येच बोल्ट सैल, लोण्यासारखा फिरायला लागला तर थांबायचं. आटे जाताहेत किंवा बोल्ट तुटायच्या बेतात आहे. चुकून ९० च्या जागी १२० झाले तर मागे फिरवून 'बरोबर' करायचं नाही. तो बोल्ट गेला, नवा लावायचा. म्हणून सहाऐवजी आठ आणलेले बरे.

टॉर्क पान्याच्या मोजपट्टीचा खालचा पाचवा हिस्सा भरवशाचा नसतो. ४० ते २०० चा पाना ६० ला कसाबसा चालेल, पण प्रेशर प्लेटच्या बोल्टांना दुसरा, लहान पानाच हवा.

आट्यांना तेल लावावं का, असं हमखास विचारतात. मॅन्युअलने सांगितलं असेल तरच. घर्षणांक ०.१४ वरून ०.१० वर आला की त्याच टॉर्कला बोल्टाचा ताण तिसऱ्या हिश्श्याने किंवा जास्तच वाढतो. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेलकट आट्यांवर वापरून लोक बोल्ट तोडतात आणि 'माल हलका' म्हणतात.

प्रेशर प्लेटच्या बोल्टांचं प्रकरण सौम्य आहे. त्यांना बहुतेक गाड्यांत नुसता टॉर्क असतो, कोन नसतो. ८ मिमीच्या ८.८ दर्जाच्या बोल्टाला साधारण २५ न्यूटन-मीटर, ६-७ मिमीच्यांना १३ ते २०. हे बोल्ट परत येणाऱ्या हद्दीतच राहतात, म्हणून मॅन्युअल मना करत नसेल तर जुने चालतात. अटी एवढ्याच: नट शेवटपर्यंत हाताने फिरला पाहिजे, डोक्याची खाच कोरी हवी, दांड्यावर गंजाचे खड्डे नकोत, आणि मागच्या मेकॅनिकने इम्पॅक्टने आवळले असल्याची खूण, म्हणजे डोक्याखाली खोल कोरलेलं वर्तुळ, नको. एकही शंकास्पद असेल तर सगळे बदलायचे. आवळताना पुन्हा समोरासमोर, अर्धा-अर्धा फेरा. एका बाजूने ओढत नेलं की कव्हर वाकतं आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून थरथरतो. क्लच प्लेटवर जर्मन भाषेत 'GETRIEBESEITE' (गेट्रीबेझाइटे) असं उठवलेलं असेल तर ती बाजू गिअरबॉक्सकडे. क्लच प्लेट मध्यावर धरायचा मँड्रेल (खुंटी) सगळे बोल्ट आवळून झाल्यावरच काढायचा.

नावांवरून फसू नये. जुन्या गोल्फ-जेटाच्या ०२० गिअरबॉक्समध्ये रचना उलटी आहे: प्रेशर प्लेट क्रँकला बसते आणि फ्लायव्हील प्रेशर प्लेटला. तिथे कोनाने आवळायचे, एकदाच वापरायचे बोल्ट प्रेशर प्लेटचे. क्रँकला जे धरतात ते बोल्ट नवे, असं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

गिअरबॉक्स चढवताना त्याचं चाळिसेक किलोंचं वजन क्षणभरही इनपुट शाफ्टवर लटकू द्यायचं नाही, क्लच प्लेटचा मधला हब वाकतो. सांध्यातल्या दोन डॉवेल पिन (दोन्ही भाग नेमके जुळवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत ना हे आधी बघायचं. शेवटचा एक सेंटीमीटर बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून ओढायचा मोह होतो. आवरायचा. गिअरबॉक्स हाताने सांध्याला टेकला पाहिजे. टेकत नसेल तर प्लेट मध्यावर नाही किंवा एखादी वायर अडकली आहे. बोल्टाने ओढलं की हाउसिंगचा कान तुटतो.

बेल हाउसिंगचे हे बोल्ट मात्र निवांत परत वापरा. १२ मिमीचे ८० न्यूटन-मीटरला, लांब, पोलादी, परत येणाऱ्या हद्दीत राहणारे. वायर ब्रश, कोरडे आटे, डोक्याखालचा भाग साफ, पुठ्ठ्यावरून आपापल्या भोकात. अपवाद अॅल्युमिनियमच्या बोल्टांचा. बीएमडब्ल्यूच्या एन ५२ सारख्या मॅग्नेशियम क्रँककेसच्या इंजिनांत गिअरबॉक्स जोडणारे बोल्टही अॅल्युमिनियमचे असतात, ओळखायला टोकाला निळा रंग दिलेला. ते एकदाच. 'पोलादी लावतो, जास्त टिकेल' असं केलं तर मॅग्नेशियम आणि पोलाद ओलाव्यात मिळून बॅटरीसारखे वागतात आणि केस खायला लागते.

सीव्ही जॉइंटचे ८ मिमीचे बोल्ट ४० न्यूटन-मीटरला. खाच कोरी असेल आणि आटे ग्रीसमुक्त केले असतील तर चालतात. ग्रीस राहिलं तर हेच बोल्ट हजार किलोमीटरमध्ये ढिले होतात. इंजिन-गिअरबॉक्स माउंटिंगचे बोल्ट मात्र बघून घ्या. या गाडीत त्यांतल्या बऱ्याच जणांना टॉर्क अधिक कोन आहे, म्हणजे ते फ्लायव्हीलच्या पंगतीत बसतात. फ्लायव्हीलचे नवे आणून माउंटिंगचे जुने लावणारे पुष्कळ भेटतात, कारण ते नजरेसमोर असतात आणि सहज बदलता येतील असं वाटतं. मग बदलले जात नाहीत.

राहिले ट्रेमधले सहा जुने बोल्ट. एक चेझर झाला, तो टूलबॉक्समध्ये. दोन जुळवाजुळवीसाठी ठेवायचे, डोक्यावर लाल रंग मारून. बाकी तिघांचे आटे ग्राइंडरवर धरून घालवायचे आणि मगच भंगाराच्या डब्यात टाकायचे. धुतलेला, धडधाकट दिसणारा १०.९ चा बोल्ट ट्रेमध्ये राहिला की पुढच्या आठवड्यात तो कुणाच्या तरी गाडीत जातोच.